जोखनबाग आणि राणी लक्ष्मीबाई

८ जून १८५७ रोजी झाशीचा किल्ला सोडून बाहेर पडलेल्या इंग्रज स्त्रीपुरुषांची व मुलांची जोखनबागेत कत्तल झाली. इंग्रज अधिकाऱ्यांनी तिचा ठपका राणी लक्ष्मीबाईंवर ठेवला. पुढे कित्येक देशाभिमानी लेखकांनी राणींना आरंभापासून उठावाच्या सूत्रधार ठरविले. दोघांचे हेतू परस्परविरुद्ध. तरी उठाव राणींनीच घडवून आणला, हे गृहीत दोहोंकडे एकच होते.

राणींची पत्रे मात्र निराळे सांगतात. त्याच जून महिन्यात सागरचे कमिशनर अर्स्किन यांना लिहिताना त्यांनी कत्तलीचा निषेध केला आणि शिपायांनी धाक घालून आपल्याकडून पैसा उकळल्याचे कळविले. अर्स्किन यांनी तूर्त झाशीचा कारभार पाहण्यास त्यांना सांगितले. ही पत्रे केवळ मुत्सद्देगिरी होती, असे काहींचे मत आहे. सुरेंद्रनाथ सेन व रमेशचंद्र मजुमदार यांनी मात्र राणी आरंभीच्या कटात होत्या, हे मत मान्य केले नाही.

निर्विवाद आहे ते एवढे : दत्तकाचा हक्क नाकारून १८५४मध्ये झाशी खालसा झाली, तेव्हा राणींनी प्रथम अर्जविनंत्यांचा मार्ग धरला. मार्च १८५८मध्ये ह्यू रोजच्या फौजेने वेढा दिला, तेव्हा त्यांनी झाशी लढविली आणि जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ रणांगणी देह ठेवला. हे शौर्य सिद्ध करण्यास जूनच्या कटाचा आधार लागत नाही. म्हणून मुलांना राणींची कथा सांगताना हा वादही सांगावा; त्याने त्यांचा आदर उणावणार नाही, आणि पुरावा तपासण्याची सवय लागेल.