उपचारक्रम आणि त्याची नोंद

रुग्णावर कोणता उपचार, कोणत्या दिवशीं व कोणीं करावा हें आधीं लिहून ठेवावयाचें. प्रत्यक्षांत तो क्रम कोठें मोडला तें टिपावयाचें. आणि त्या टिपणांवरून मूळ क्रम पुनःपुन्हां सुधारावयाचा, या पद्धतीस आधुनिक वैद्यकांत ‘क्लिनिकल पाथवे’ म्हणतात. आपण तीस उपचारक्रम म्हणूं. अमेरिकेंत बोस्टन येथील न्यू इंग्लंड मेडिकल सेंटर या रुग्णालयांत १९८५ च्या सुमारास कॅरेन झँडर या परिचारिकेनें व तिच्या सहकाऱ्यांनीं ती प्रचारांत आणली. या कल्पनेंत जुनें किती व नवें किती, एवढाच प्रश्न येथें विचारार्थ घेतला आहे.

सुश्रुतानें शस्त्रकर्माचे पूर्वकर्म, प्रधानकर्म व पश्चात्कर्म असे तीन भाग केले, हें सर्वविश्रुत आहे. त्याहून बोलका पुरावा वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत, सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायांत आहे. वमनाचे वेग चार, सहा किंवा आठ आणि विरेचनाचे दहा, वीस किंवा तीस, यांवरून शुद्धि हीन, मध्यम कीं उत्तम हें ठरवावयाचें. नंतर पेया, विलेपी, यूष, मांसरस या क्रमानें पथ्य. उत्तम शुद्धींत प्रत्येक अन्न तीन अन्नकाल, मध्यमांत दोन, हीनांत एक. मोजणी, तीवरून वर्ग आणि वर्गावरून पुढील पायरी, ही उपचारक्रमाचीच बांधणी होय. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें तेराव्या शतकांत याच ग्रंथावर आयुर्वेदरसायन टीका लिहिली. तेव्हां महाराष्ट्रास हा विचार परका नव्हे.

मात्र हा क्रम किती रोग्यांस लावला, किती बरे झाले व किती दगावले, याची गणना त्या ग्रंथांत नाहीं. एका रोग्यापुरता फेरफार वैद्य स्वबुद्धीनें करील. परंतु क्रमच सदोष आहे हें अनेकांचा हिशेब मांडल्यावांचून कळत नाहीं. नवें आहे तें हेंच.

याचें उदाहरण गडचिरोलीस सांपडतें. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनें १९९५ पासून ३९ गांवांत नवजात अर्भकांच्या घरगुती शुश्रूषेचा प्रयोग केला व ४७ गांवें तुलनेसाठीं राखलीं. गांवांतील स्त्रियांस वजन, ऊब, स्तनपान, जंतुदोषाचीं लक्षणें व त्यांवरील औषध यांच्या ठरीव पायऱ्या शिकविल्या, आणि प्रत्येक जन्ममृत्यु नोंदविला. तिसऱ्या वर्षीं, १९९७-९८ मध्यें, तुलनेनें नवजात मृत्युमानांतील घट ६२ टक्के ठरली. हा निष्कर्ष १९९९ मध्यें ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध झाला. नोंद नसती, तर वांचलेलीं अर्भकें वांचलींच असतीं. पण कशानें वांचलीं हें दुसऱ्या गांवास सांगतां आलें नसतें.

आतां आम्हां संग्राहकांविषयीं. सोलापुराकडील एका वैद्यघराण्यांत प्रस्तुत लेखकानें तरुणपणीं माधवनिदानाची पोथी मोठ्या आदरानें उचलली, आणि शेजारचें रोग्यांच्या टिपणांचें बाड निरुपयोगी समजून तेथेंच सोडलें. पुढील खेपेस तें रद्दींत गेलेलें होतें. माधवनिदानाच्या प्रती अन्यत्रही आहेत. त्या बाडाची दुसरी प्रत कोठेंही नाहीं. ज्यांच्या संग्रहांत अशीं बाडें असतील त्यांनीं तीं आधीं जपावीं. पोथ्यांची काळजी वाहणारे पुष्कळ आहेत.