पूर्वपक्ष कोणाचा?

तत्त्वज्ञांनी कोणत्या प्रश्नांची चिंता वाहावी, असे विचारले की आपल्याकडे बहुधा दोन उत्तरे मिळतात. त्यांनी ब्रह्म, सत्य, ज्ञान अशा सनातन विषयांत रमावे, हे एक. आणि ते सारे बाजूस सारून समाजाच्या प्रश्नांना भिडावे, हे दुसरे. दोन्ही उत्तरे विषयांची यादी देतात; विचाराच्या रीतीविषयी मात्र काही सांगत नाहीत. आपल्या शास्त्रपरंपरेत सिद्धान्ताआधी पूर्वपक्ष मांडावा लागतो, आणि तो प्रतिपक्षालाही आपला वाटेल इतक्या नेटका मांडावा लागतो. तत्त्वज्ञाने आधी चिंता करावी ती या पूर्वपक्षाची, असे आम्हांस वाटते. आपल्या अलीकडच्या इतिहासातील दोन स्थळे या दृष्टीने पाहण्याजोगी आहेत.

पहिले स्थळ खानदेशातील अमळनेर. श्रीमंत प्रताप शेठ यांच्या औदार्यातून १९१६ साली तेथे तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. एका लहान गावात अभ्यासकांना वृत्ती देऊन केवळ चिंतनासाठी बोलवावे, ही कल्पनाच त्या काळी विलक्षण होती. जी. आर. मलकानींसारखे वेदान्ती तेथे दीर्घकाळ राहिले. कृष्णचंद्र भट्टाचार्य काही काळ संचालक होते. संस्थेच्या इंग्रजी त्रैमासिकाने देशभरच्या प्राध्यापकांना व्यासपीठ दिले. तरीही या साऱ्या व्यवहारात एक उणीव राहिली. शंकराचार्यांची मते इंग्रजीत मांडली जात, त्यांची पाश्चात्त्य विचारवंतांशी तुलना होई. परंतु ज्या पंडितांच्या पाठशाळांत ते शास्त्र अद्याप जिवंत होते, ते या चर्चेबाहेरच राहत. परक्या कल्पनांच्या साच्यात आपण नकळत विचार करू लागतो, ही खंत खुद्द भट्टाचार्यांनी ‘विचारांतील स्वराज्य’ या अर्थाच्या शीर्षकाच्या व्याख्यानात मांडली होती. ते व्याख्यान छापून आले १९५४ मध्ये, त्यांच्या निधनानंतर पाच वर्षांनी.

दुसरे स्थळ पुणे, साल १९८३. जयपूरचे दयाकृष्ण आणि मुंबईचे मे. पुं. रेगे यांच्या पुढाकाराने तेथे एक आगळी सभा भरली. एका बाजूस विद्यापीठांतील तत्त्वज्ञानाचे अध्यापक, दुसऱ्या बाजूस न्याय-मीमांसेचे परंपरागत पंडित. विषय होता बर्ट्रंड रसेल यांची विधानविषयक उपपत्ती. इंग्रजी न जाणणाऱ्या पंडितांपुढे रसेल यांचे म्हणणे संस्कृतात ठेवले गेले, आणि ते त्यांच्या दृष्टीने ग्राह्य आहे काय, असे विचारले गेले.

प्रश्न वरवर कोरडा वाटेल. ‘पाऊस पडतो आहे’ हे एकजण मराठीत म्हणतो, दुसरा कानडीत. एकाचा त्यावर विश्वास आहे, दुसऱ्याला शंका आहे. मग दोघांच्या मनापुढे असलेले, वाक्याहून आणि मनाहूनही निराळे असे ‘विधान’ नावाचे काही असते काय? एके काळी रसेल यांनी ते मानले होते. पुढे त्यांनीच ते सोडले. नैयायिकाच्या जगात वाक्य आहे, वस्तू आहे आणि ज्ञान आहे. खरेखोटेपण ज्ञानाचे, त्यासाठी चौथा पदार्थ त्याला नको असतो. मात्र मग त्याने सांगितले पाहिजे की, विश्वास न ठेवता आपण एखादी गोष्ट मनात धरतो कशी? येथे त्याला ‘आहार्य ज्ञाना’चा, म्हणजे खोटे ठाऊक असूनही इच्छेने धारण केलेल्या ज्ञानाचा, आधार घेता येतो. साहित्याच्या अभ्यासकाने या ठिकाणी थबकावे. कादंबरी वाचताना आपण नेमके काय करतो, या आपल्या नित्याच्या प्रश्नाला येथे अनपेक्षित वाट फुटते.

अशा संवादाने उभय पक्षांची सोय मोडते. अध्यापकाला आपली इंग्रजी परिभाषा स्वयंसिद्ध मानता येत नाही. पंडिताला केवळ ग्रंथवचनावर विसंबता येत नाही. या संवादमालेत पुढे पंडित बदरीनाथ शुक्ल यांनी देहात्मवादावर निबंध वाचला. न्यायदर्शन आत्म्याला देहाहून वेगळे द्रव्य मानते. परंतु त्याच दर्शनाच्या चौकटीत देह आणि मन यांवर आत्म्याचे काम भागवता येईल, अशी शक्यता त्यांनी तपासली. परंपरेत मुरलेल्या नैयायिकाने हे करावे, यातच संवादाचे सार्थक दिसते.

तथापि या सभेलाही एक उंबरठा होता. संस्कृत शास्त्रात ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या प्रवेशच नव्हता, त्यांचा पूर्वपक्ष तेथे कोण मांडणार? जोतीराव फुले यांचे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ १८९१ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाले. ईश्वर, नीती आणि मानवी हक्क यांविषयीचा तो पूर्ण विचार आहे. पण आपले तत्त्वज्ञानाचे अभ्यासक्रम त्याला बहुधा समाजसुधारणेच्या खात्यात टाकून मोकळे होतात. साने गुरुजी तरुणपणी अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात होते. तेथून ते त्याच गावच्या शाळेत शिक्षक झाले, आणि १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले. सर्वांभूती एक आत्मा मानणाऱ्यांनी कोणाला दाराबाहेर ठेवावे काय, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा नाही असे कोण म्हणेल? तो ग्रंथालयात सुटला नाही, एवढेच.

म्हणून सनातन प्रश्न की सामाजिक प्रश्न, ही निवड आम्हांस खोटी वाटते. रसेल यांचे विधान आणि पंढरीचा दरवाजा हे दोन्ही तत्त्वज्ञाचे विषय होऊ शकतात. ज्याचे म्हणणे अद्याप ऐकले गेले नाही, त्याला उत्तर देता येईल अशा भाषेत प्रश्न मांडला गेला पाहिजे. रेगे पुण्याच्या सभेत संस्कृतात वावरले, तसेच ‘नवभारत’मधून वर्षानुवर्षे मराठीत लिहीत राहिले. दे. द. वाडेकरांच्या संपादनाखाली १९७४ साली मराठी तत्त्वज्ञान-महाकोश सिद्ध झाला. शब्द आहेत, साधने आहेत. वर्गात ‘वास्तव’, ‘अर्थ’, ‘अनुभव’ हे शब्द आपण रोज वापरतो. त्यांच्यामागचा पूर्वपक्ष विद्यार्थ्याकडून मांडून घेणे, ही जबाबदारी तत्त्वज्ञान विभागाइतकीच मराठी विभागाचीही आहे.