नागासाकीच्या अनामिक घरांची निष्ठा

वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया ह्यांचे नाव आपल्या घराघरांत आदराने घेतले जाते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे निशिझाका टेकडीवर ज्या २६ जणांना क्रूसावर बांधून भाल्यांनी भोसकण्यात आले, त्यांत आपल्या मातीतला हा फ्रान्सिस्कन बंधू होता. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस ह्यांनी त्या सर्वांना संतपद बहाल केले. ही हुतात्म्यांची कथा आपण वारंवार ऐकत आलो आहोत. मात्र त्यांच्या पश्चात त्या भूमीतील साध्या श्रद्धावंतांचे काय झाले, हे आपण क्वचितच विचारतो.

१५४९ साली संत फ्रान्सिस झेवियर ह्यांनी जपानमध्ये पेरलेले बीज सतराव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे तीन लाख ख्रिस्ती जनांपर्यंत विस्तारले होते. १६१४ साली तोकुगावा राजवटीने देशभर ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. धर्मगुरूंना हद्दपार करण्यात आले, चर्चे पाडण्यात आली. प्रत्येक कुटुंबाने बौद्ध मंदिरात आपली नोंद केलीच पाहिजे, असा नियम झाला. पाच-पाच घरांचे गट बांधून एकाच्या अपराधाला पाचही घरे जबाबदार धरण्यात आली. ख्रिस्ती व्यक्तीची खबर देणाऱ्यास चांदीचे इनाम मिळेल, असे फलक चव्हाट्यावर लागले. शेजाऱ्याला शेजाऱ्याचा वैरी करणारी ही योजना तलवारीपेक्षाही धारदार होती. त्यावर कळस म्हणजे नागासाकी परिसरात दरवर्षी ग्रामस्थांना एकेक करून प्रभू येशूच्या अथवा पवित्र मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावीत. जो कचरेल तो पकडला जाई.

सर्वांत जिव्हारी लागलेला घाव मात्र आतून आला. १६३३ च्या ऑक्टोबरात येशूसंघाचे जपानमधील प्रमुख, पोर्तुगीज धर्मगुरू क्रिस्तोव्हाव फरेरा ह्यांना खड्ड्यात उलटे टांगण्यात आले. काही तासांतच त्यांनी श्रद्धेचा त्याग केला. पुढे त्यांनी जपानी नाव धारण केले, ख्रिस्ती धर्माविरुद्ध पुस्तक लिहिले आणि पकडलेल्या आपल्याच बांधवांच्या चौकशीत दुभाष्याचे काम केले. त्याच वेळी तीच शिक्षा भोगणारे जपानी धर्मगुरू नाकाउरा ज्युलियन अखेरपर्यंत ढळले नाहीत. बालवयात जपानच्या शिष्टमंडळातून गोव्यामार्गे रोमला जाऊन आलेल्या चौघांपैकी ते एक. २००८ साली त्यांना धन्य घोषित करण्यात आले. एकाच दिवशी, एकाच ठिकाणी, एक पडला आणि एक टिकला. मेंढपाळानेच पाठ फिरवल्यावर कळपाने काय करावे?

१६४४ च्या सुमारास अखेरचा धर्मगुरूही हुतात्मा झाला. त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षे त्या खेड्यांना ना मिस्सा लाभली, ना पापनिवेदन. तरीही उराकामीसारख्या गावांनी आपली व्यवस्था लावली. एकाने चर्चचे पंचांग सांभाळून सणवार व उपवास ठरवायचे, दुसऱ्याने बालकांचा बाप्तिस्मा करायचा, तिसऱ्याने घरोघरी निरोप पोहोचवायचा. मुलाला कवेत घेतलेल्या कान्नोन देवतेच्या मूर्तीसमोर बसून ते मनोमन मरियामातेची आळवणी करीत. लॅटिन व पोर्तुगीज शब्दांनी भरलेल्या प्रार्थना आजीकडून नातवाकडे मुखोद्गत जात राहिल्या.

आणि ती वार्षिक परीक्षा? बहुतेकांनी प्रतिमेवर पाय ठेवला, ही गोष्ट इतिहास लपवीत नाही. पण घरी परतल्यावर ते पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. धर्मगुरू नसेल तेथे परिपूर्ण पश्चात्तापाने देवाची क्षमा लाभते, ही शिकवण देणारी एक पुस्तिका १६०३ साली जपानी भाषेत तयार झाली होती. बंदीच्या काळात तीच त्यांची शिदोरी ठरली. पाय घसरला तरी वाट सोडायची नाही, हे व्रत त्या घरांनी सात पिढ्या पाळले.

१७ मार्च १८६५ रोजी नागासाकीतील ओउरा येथे, परदेशी रहिवाशांसाठी नुकत्याच बांधलेल्या चर्चच्या दारात उराकामीचे काही ग्रामस्थ येऊन उभे राहिले. फ्रेंच धर्मगुरू फादर पेतिजाँ प्रार्थना करीत असताना एका स्त्रीने जवळ येऊन हळूच सांगितले, की आमचे अंतःकरण आपल्यासारखेच आहे. आणि पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे, असे विचारले. बोलण्यात उलगडले, की तेही उपवासकाळ पाळीत होते आणि त्यांचा दिवस चर्चच्या दिवसाशी तंतोतंत जुळत होता. आम्हां वसईकरांना हेलावणारी गोष्ट अशी, की ते चर्च निशिझाकाच्या २६ हुतात्म्यांनाच समर्पित होते.

बंदी मात्र अजून उठली नव्हती. १८६७ साली उराकामीत धरपकड झाली. छळ असह्य होऊन तुरुंगातील इतरांनी माघार घेतली. दोमिंगो ताकागी सेन्एमोन हा एकटा शेतकरी अढळ राहिला. त्याच्या निष्ठेने ओशाळलेल्या त्याच्या सोबत्यांनी पुढे आपला नकार परत घेतला. १८६८ पासून उराकामीच्या सुमारे ३,४०० जणांना देशोधडीला लावण्यात आले. त्यांपैकी सहाशेहून अधिक जण परत आले नाहीत. १८७३ साली बंदीचे फलक उतरले आणि उरलेले गावी परतले. १८८० साली त्यांनी जी जागा विकत घेतली, ती गावच्या मुखियाच्या वाड्याची होती. तेथेच त्यांच्या पूर्वजांना दरवर्षी प्रतिमा तुडवावी लागे. त्याच जागेवर त्यांनी आपले चर्च उभारले. ते १९१४ साली पूर्ण झाले. १९४५ च्या अणुबाँबने ते उद्ध्वस्त झाले आणि १९५९ साली पुन्हा उभे राहिले.

निष्ठा म्हणजे कधीच न पडणे, असे आपण सहज समजतो आणि पडलेल्याला सहज दूर लोटतो. कोंबडा आरवण्यापूर्वी तीनदा नाकारणाऱ्या पेत्राच्या ख्रिस्तसभेला हे शोभत नाही. हुतात्म्यांच्या रक्ताइतकेच, दर वर्षाच्या आरंभी घरी परतून गुडघे टेकणाऱ्या त्या अनामिक मातापित्यांच्या आसवांनीही जपानची ख्रिस्तसभा जिवंत ठेवली. संत गोन्सालोच्या वेदीपुढे मेणबत्ती लावताना त्यांचेही स्मरण आपण करू या. आणि आपल्यातून दुरावलेला कोणी उंबरठ्याशी आला, तर ओउराच्या त्या धर्मगुरूप्रमाणे दार उघडे ठेवू या.