पाळण्यातले पाय

"मुलाचे पाय पाळण्यात दिसतात" ही म्हण ज्या कोणी केली त्याने फुटबॉल पाहिला नसणार. निदान मिडफिल्डर तरी नक्कीच पाहिला नसणार. स्ट्रायकर पोराचं एक बरं असतं. सतराव्या वर्षी धडाधड गोल मारले की आकडे समोर असतात, वाद मिटला. मिडफिल्डरचं काम बाकीच्या दहा जणांमध्ये सांडलेलं असतं. त्याने दिलेल्या पासवर दुसऱ्याने पास दिला आणि तिसऱ्याने गोल मारला, तर पेपरात नाव तिसऱ्याचं. शिवाय त्याला कुठल्या जागेवर उभं केलंय, शेजारी कोण आहे, कोचला काय हवंय, यावर तो हुशार दिसणार की बावळट हे ठरतं. आणि तरीही सतरा-अठरा वर्षांच्या पोरांवर निकाल द्यायची घाई सगळ्यात जास्त याच जागेबद्दल होते. घरात हा विषय मी इतक्या वेळा काढलाय की आता मंडळी ताट उचलून आत जातात. म्हणून इथे लिहितो!

उदाहरण बार्सिलोनाचंच घेतो, कारण "घरचे खेळाडू" म्हटलं की सगळे त्यांचंच नाव घेतात. फुटबॉल न पाहणाऱ्या नातेवाइकांसाठी थोडक्यात: कॅम्प नू या त्यांच्या मैदानाशेजारी १७०२ साली बांधलेला एक दगडी वाडा आहे. कॅटलानमध्ये अशा शेतघराला मासिया म्हणतात. १९७९ मध्ये क्लबने तिथे बाहेरगावच्या मुलांचं वसतिगृह सुरू केलं. २०११ मध्ये मुलं नव्या इमारतीत गेली, पण "ला मासिया" हे नाव अख्ख्या अकादमीला चिकटलं ते चिकटलंच. १९८८ मध्ये योहान क्रॉइफ कोच म्हणून आला आणि त्याच्या खेळात बचावफळीच्या पुढ्यात उभा राहून सगळी सूत्रं हलवणारा एक खेळाडू अत्यावश्यक झाला. त्या जागेला तिथे नुसतं "चार नंबर" म्हणतात. डिसेंबर १९९० मध्ये क्रॉइफने तिथे सान्तपेदोर या छोट्या गावातला एक काटकुळा पोरगा उतरवला, पेप ग्वार्डिओला. वय १९. ना वेग, ना ताकद. दीड वर्षात, १९९२ मध्ये, क्लबने पहिल्यांदा युरोपियन कप जिंकला तेव्हा तो संघात होता.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. मला रस आहे तो त्याच्या नंतर काय झालं त्यात.

ग्वार्डिओलानंतर कोण, या प्रश्नाचं १९९५ मधलं उत्तर होतं इवान दे ला पेन्या. सान्तान्देरहून ला मासियात आलेला, डोकं तुळतुळीत भादरलेला, म्हणून टोपणनाव "छोटा बुद्ध". त्याचे तेव्हाचे पास आजही शोधून पाहा. चार बचावपटूंच्या मधून चाळीस मीटरवरून चेंडू असा सरकतो की जणू वाट आधीच आखलेली होती. १९९६-९७ मध्ये तो रोनाल्डोला (ब्राझीलच्या, मूळ रोनाल्डोला) चेंडू पुरवत होता, कप विनर्स कपही मिळाला. विशीतच लोकांनी त्याला सिंहासनावर बसवलं होतं. मग क्रॉइफ गेला, रॉबसन गेला, व्हान गाल आला, आणि १९९८ मध्ये दे ला पेन्या लाझिओला विकला गेला. तिथे जमलं नाही. अखेर २००२ पासून तो बार्सिलोना शहरातल्याच दुसऱ्या क्लबकडे, एस्पान्योलकडे, खेळला आणि तिथे लाडका झाला. म्हणजे तो वाईट निघाला असं अजिबात नाही. पण १९९५ मध्ये लिहिलेलं भविष्य काही खरं झालं नाही.

गंमत बघा, तो गेला त्याच १९९८ च्या ऑगस्टमध्ये व्हान गालने तेरासाचा एक १८ वर्षांचा मुलगा उतरवला. झावी. अकराव्या वर्षापासून अकादमीत वाढलेला. पहिल्याच सामन्यात, मायोर्काविरुद्ध, गोल! त्या हंगामात लीगही जिंकली. आता वाटेल, की बघा, पाय दिसलेच की पाळण्यात.

थांबा. त्यानंतर बार्सिलोनाने लीग जिंकली ती थेट २००५ मध्ये. मधली सगळी वर्षं झावी खेळत होता आणि मधली सगळी वर्षं त्याची तुलना ग्वार्डिओलाशी होत होती. २००१ मध्ये पेप क्लब सोडून गेला तेव्हा तर चार नंबरची जागा पूर्णपणे याच्या गळ्यात आली. आडवे पास देतो, पुढे जात नाही, उंची नाही, अशी कुरकुर. मला विचाराल तर यातलं काहीच त्याच्या कुवतीबद्दल नव्हतं. तो चुकीच्या जागी उभा होता. फ्रँक रायकार्ड कोच असताना, जानेवारी २००४ मध्ये, युव्हेंटसकडून एडगर डेव्हिड्स लोनवर आला. चेंडू हिसकावण्याचं काम त्याने अंगावर घेतलं आणि झावीला दहा-पंधरा मीटर पुढे सरकता आलं. घसरलेला संघ त्या हंगामात दुसरा आला. पोरगा तोच, पाय तेच, फक्त उभं राहायची जागा बदलली. साडेपाच वर्षं लागली हे कळायला, आणि तेही भाड्याने आणलेल्या एका डच माणसामुळे!

डिसेंबर २००५ मध्ये सरावात त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. १७ मे २००६ ला पॅरिसमध्ये चॅम्पियन्स लीगची फायनल होती, बार्सिलोना विरुद्ध आर्सेनल. बार्सिलोनाने ती २-१ अशी जिंकली, पण मला ती आठवते दुसऱ्याच कारणासाठी. झावी, वय २६, पूर्ण वेळ बेंचवर. इनिएस्टा, वय २२, पहिल्या अकरात नाही, तो मध्यंतरानंतर आला. आणि समोर आर्सेनलच्या मधल्या फळीत पहिल्या मिनिटापासून कोण? सेस्क फॅब्रेगास, वय १९, ला मासियाचाच मुलगा. आपल्यापुढे झावी आणि इनिएस्टाची रांग आहे हे पाहून २००३ मध्ये सोळाव्या वर्षी तो लंडनला निघून गेला होता. त्या रात्री कुणी विचारलं असतं की तिघांत शहाणा कोण, तर उत्तर एकच होतं.

दोन वर्षांनी, जून २००८ मध्ये, स्पेनने युरो जिंकला. फायनलमध्ये तोरेसने मारलेल्या गोलचा पास झावीचा, आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडूही झावी. वय २८. पुढची चार-पाच वर्षं जगाने त्याच्याकडून मिडफिल्ड म्हणजे काय ते शिकून घेतलं. २०१० च्या बॅलन डी'ऑरचे पहिले तिघे मेस्सी, इनिएस्टा, झावी, तिघेही त्याच वाड्यातले.

याला लोक क्लबचा संयम म्हणतात. मला हे फारसं पटत नाही. खिशात भरपूर पैसे आणि समोर तयार पर्याय असता तर २००२-०३ च्या सुमाराला झावीचं काय झालं असतं? त्याच अकादमीतला मिकेल आर्तेता त्याच जागेचा खेळाडू होता. त्याला मुख्य संघात एकही लीग सामना न मिळता पॅरिसला जावं लागलं, मग ग्लासगो, मग लिव्हरपूल शहरातला एव्हर्टन. (ऑगस्ट २०११ मध्ये फॅब्रेगास आर्सेनल सोडून बार्सिलोनाला परतला आणि त्याच महिन्यात आर्सेनलने आर्तेताला आणलं. नियतीला विनोदबुद्धी असते असं म्हणायला हरकत नाही.)

आता "घरचा" म्हणजे कोण, हाही एक भारी प्रश्न आहे. २००६-०७ पासून युएफाने युरोपातल्या स्पर्धांसाठी नियम आणला, की यादीत काही खेळाडू स्थानिक तयार झालेले हवेत. व्याख्या अशी, की १५ ते २१ या वयात तीन हंगाम त्या क्लबकडे नोंद असावी. राष्ट्रीयत्व कुठलंही चालेल. म्हणजे अर्जेंटिनाहून तेराव्या वर्षी आलेला मेस्सी कागदोपत्री घरचा. आणि बार्सिलोनाजवळच्या आरेनीस दे मारचा, अकादमीत वाढलेला फॅब्रेगास कागदोपत्री आर्सेनलचा! सुमारे ३ कोटी युरो मोजून २०११ मध्ये त्याला परत आणलं, तरी नियमाच्या लेखी तो पाहुणाच. नियम करणाऱ्यांना दोष देत नाही, कुठेतरी रेघ ओढावीच लागते. पण मग २५ नोव्हेंबर २०१२ चा तो प्रसिद्ध सामना आठवा. लेव्हान्तेविरुद्ध दानी आल्वेस चौदाव्या मिनिटाच्या आसपास जखमी होऊन बाहेर गेला, मोन्तोया आत आला आणि मैदानावरचे अकराच्या अकरा ला मासियाचे झाले. सामना ४-०. तिकडे जल्लोष. त्या अकरांतले पिके, फॅब्रेगास आणि जोर्दी आल्बा हे तिघं मात्र एकदा घराबाहेर गेलेले आणि पैसे देऊन परत आणलेले होते. आल्बाला तर लहानखुरा म्हणून काढून टाकलं होतं. परत आणायला १.४ कोटी युरो लागले.

दुसऱ्या बाजूला जॅक विल्शेर. नऊ वर्षांचा असल्यापासून आर्सेनलचा, सोळाव्या वर्षी मुख्य संघात. १६ फेब्रुवारी २०११ ला लंडनमध्ये आर्सेनलने बार्सिलोनाला २-१ हरवलं, तेव्हा १९ वर्षांचा विल्शेर समोर झावी, इनिएस्टा, बुस्केट्स असूनही चेंडू घेऊन असा वळत होता की टीव्हीपुढे मी उभा राहिलो होतो. त्या रात्री त्याच्याबद्दल जे बोललं गेलं ते खोटं नव्हतं, त्याचे पाय खरोखरच दिसले होते. पण त्या एका हंगामात तो क्लबसाठी पन्नासच्या आसपास सामने खेळला. घोटा गेला. पुढचा अख्खा हंगाम तो खेळलाच नाही, आणि त्यानंतर सलग असं फारसं काही नाही. २०२२ मध्ये तिसाव्या वर्षी निवृत्त. इतक्या सामन्यांना कोण जबाबदार, यावर इंग्लंडमध्ये पुष्कळ लिहून झालंय. मला एवढंच दिसतं, की घरच्या पोरावर जीव असतो म्हणून त्याला जास्त खेळवतात, आणि घरचं आहे म्हणून तो नाही म्हणत नाही.

थिआगो अल्कांताराचं उलटं झालं. झावीनंतर हाच, असं सगळ्यांचं मत. त्याच्या करारात ९ कोटी युरोचं कलम होतं, पण ठराविक मिनिटं खेळायला मिळाली नाहीत तर ती रक्कम १.८ कोटींवर यायची. २०१२-१३ मध्ये ती मिनिटं भरली नाहीत, कारण त्या जागेवर ३३ वर्षांचा झावी अजून खेळत होता. ज्याच्यासाठी दहा वर्षं थांबले, त्याच्यामुळेच पुढचा गेला. २.५ कोटींना ग्वार्डिओलाच्याच बायर्नने त्याला उचललं. १४ ऑगस्ट २०२० ला लिस्बनमध्ये बायर्नने बार्सिलोनाचा ८-२ असा धुव्वा उडवला, तेव्हा बायर्नच्या मधल्या फळीत थिआगो होता. नऊ दिवसांनी त्याने कपही उचलला.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण मार्क बेर्नाल. चार नंबरच्याच जागेचा, सातव्या वर्षापासून ला मासियात. ऑगस्ट २०२४ मध्ये हान्सी फ्लिकने १७ वर्षांच्या या मुलाला हंगामाच्या पहिल्याच सामन्यात उतरवलं आणि लगेच नवा बुस्केट्स वगैरे सुरू झालं. तिसऱ्या सामन्यात, रायो वायेकानोविरुद्ध, गुडघा गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो परत मैदानात उतरला. भाचा विचारतो, "मामा, कसा आहे रे?" मला तर आवडतो. चेंडू यायच्या आधी तो दोन्ही खांद्यांवरून मागे बघतो, घाई करत नाही, अंगाने उंच आहे. पण आवडले तर दे ला पेन्या आणि विल्शेरही होते. झावीचा हिशोब लावायचा तर बेर्नाल २८ चा होईल २०३५ मध्ये. तोवर ब्लॉग चालू राहिला तर लिहीनच.