तबकडी एक, पेट्या दोन

हिंगोलीच्या किंवा वसमतच्या मोंढ्यात हळद घेणारा जाणता माणूस नुसत्या वरच्या रंगावर भाव करत नाही. तो ढिगातलं एक हळकुंड उचलतो, मोडतो आणि आतला रंग पाहतो. आज मी बोलणार आहे ते सीडी वाजवणाऱ्या भारी किमतीच्या पेट्यांविषयी, म्हणजे सीडी प्लेअरविषयी. पण शेवटी त्या मोडलेल्या हळकुंडापाशीच आपल्याला यायचं आहे.

घरी गाणं कशावर ऐकावं, हा प्रश्न जुनाच आहे. एडिसनने १८७७ साली आवाज नळकांड्यावर धरला. बर्लिनरने १८८७ साली सपाट तबकडी काढली. नळकांड्यावर घरच्या घरी आवाज भरता येई, पण तबकडीच्या एका साच्यातून हजारो प्रती निघत. जगाने तबकडी पत्करली. आपल्याकडे १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचं गाणं तबकडीवर उतरलं. मात्र ७८ फेऱ्यांच्या त्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. तासभर राग फुलवणाऱ्या गवयाला तेवढ्यातच सारं आटोपावं लागे! १९४८ साली मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला. त्याच वर्षी अमेरिकेत लाँग प्ले तबकडी आली आणि एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक गाणं मावू लागलं.

पुढे फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून सीडी घडवली. बारा सेंटिमीटरची तबकडी आणि तिच्यात ७४ मिनिटांचं गाणं. तिला सुई लागत नाही. आवाजाची एका सेकंदात ४४,१०० मापं घेतलेली असतात. ती बारीक खळग्यांच्या रूपाने कोरलेली असतात आणि लेसरचा किरण ती वाचतो. प्रत्येक माप १६ बिटांचं, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक. वाचलेल्या आकड्यांचा पुन्हा आवाज करायचा, हे पेटीचं खरं काम.

आता गंमत पाहा. तबकडी दोघांची एक, पण पेट्या दोन तऱ्हांच्या झाल्या. सोनीची सीडीपी-१०१ ही पेटी १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानात विक्रीला आली. तिच्यात आकड्यांचा आवाज करणारा भाग पुरता १६ बिटांचा होता. फिलिप्सपाशी तयार होता तो १४ बिटांचा. कागदावर पाहिलं तर फिलिप्स हरली म्हणायची! पण तिच्या कारागिरांनी दोन मापांच्या मध्ये आणखी मापं गणिताने भरली, वेग चौपट केला आणि चुकीचा बराच भाग कानाला ऐकू न येणाऱ्या पट्टीत ढकलला. त्यामुळे पुढची गाळणीही सौम्य ठेवता आली. त्या पेटीचा आवाज अनेक जाणत्यांना आवडला, आणि मधली मापं भरण्याची ही रीत पुढे बहुतेक सगळ्यांनी उचलली, सोनीनेसुद्धा. मोठा आकडा म्हणजे गोड आवाज नव्हे, हा त्यातला धडा.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन आपला हिंगोली जिल्हा झाला. त्याच वर्षी सुपर ऑडिओ सीडी निघाली. तिच्यासाठी सोनीने केलेली एससीडी-१ ही पेटी सुमारे २६ किलोंची, म्हणजे पन्नास किलोंच्या पोत्याच्या निम्मी! जड बैठकीने थरथर कमी होते, हे खरं. पण नुसतं वजन काही गात नाही.

मग निवड करावी कशी? गुरुजींचा पगार असो की शेतकऱ्याच्या हळदीची पट्टी, पैसा कष्टाचा आहे. एकच सीडी दोन्ही पेट्यांवर लावावी. आवाज दोन्हींचा सारखा ठेवावा, कारण जरा मोठा असलेला आवाज उगाच चांगला वाटतो. कोणती पेटी चालू आहे, हे ऐकणाऱ्याला सांगू नये. फरक कळला नाही, तर वरचे पैसे स्पीकरवर घालावेत. तिथला फरक कुणालाही कळतो. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, तिथे सतरंजी अंथरावी, जाड पडदा लावावा. लेसरचं भिंग बदलून मिळेल का, हे आधी विचारावं. विजेचा दाब वरखाली होत असेल, तर त्याचाही बंदोबस्त करावा.

आणि परीक्षेला घ्यावा आपल्या नर्सीच्या नामदेवांचा अभंग, भीमसेन जोशींनी गायलेला. टाळ कर्कश न होता वाजतो का? पखवाजाची थाप भरीव येते का? आणि घरातल्या आजीला प्रत्येक शब्द कळतो का? आजीने मान डोलावली, तर समजावं की हळकुंड आतून पिवळंधमक आहे. मग पेटीवर किंमत कितीही लिहिलेली असो.