धाग्याआधी घास

आसामात एरी रेशीम पिकवणाऱ्या घरात पहिला हिशेब धाग्याचा नसतो, कोषातल्या किड्याचा असतो. बोडो, राभा, कार्बी, मिसिंग घरांत हा 'पोलू' तेलावर परततात, भाजतात, बांबूच्या कोंबांबरोबर शिजवतात.

हे जमतं ते कोषाच्या घडणीमुळे. तुतीवरच्या किड्याचा कोष चहूबाजूंनी बंद. अखंड धागा हवा तर किड्यासकट गरम पाण्यात सोडावा लागतो. एरीचा कोष एका टोकाला उघडा असतो. त्याचं सूत उलगडत नाही, कापसासारखं कातावं लागतं. त्यामुळे आतला किडा आधीच काढून घेतला तरी सुताचं काही बिघडत नाही. या किड्याचं खाद्य म्हणजे एरंड; तो परसात वाढतो, पाळणूक बहुतेक बायकांच्या हाती, आणि खाऊन उरलेल्या कोषांतून थंडीची जाड उबदार चादर निघते. शहरी दुकानांत मात्र हेच कापड 'अहिंसा रेशीम' म्हणून मिरवतं! पतंग उडून गेल्यावर कातलेलं सूतही असतं, पण ताटातल्या पोलूचा उल्लेख त्या लेबलावर कशाला येईल?

कोरियात हा घास कारखान्यातून आला. धागा काढून झाला की शिजलेला किडा उरतोच. 1960-70च्या दशकांत दक्षिण कोरियाचा रेशीमधंदा भरात होता, तेव्हा हे उकडलेले 'बोन्देगी' रस्त्यावर कागदाच्या पुडीत स्वस्तात मिळत. धंदा आटला, बोन्देगी डबाबंद होऊन टिकले.

आरोग्याची भाषा फार उशिरा आली. 2019मध्ये इटलीतल्या तेरामो विद्यापीठाच्या संशोधकांनी खाद्यकीटकांचे अर्क तपासले. पाण्यात उतरणाऱ्या अर्कांत नाकतोडे, रेशीमकिडे आणि रातकिडे यांची अँटिऑक्सिडंट क्षमता ताज्या संत्र्याच्या रसाच्या 5 पट भरली; रेशीमकिड्याचा स्निग्ध अर्क ऑलिव्ह तेलाच्या दुप्पट. संत्र्याची तुलना बातम्यांना आवडली. प्रयोग परीक्षानळीतला होता, माणसाच्या पोटातला नव्हे, हे मागे पडलं.

या अँटिऑक्सिडंट गुणातला काही भाग पानातून येतो. तुतीतलं क्वेर्सेटिन रेशीमकिडा जसंच्या तसं साठवत नाही. त्याला साखरेचा रेणू जोडून कोषात उतरवतो. काही जातींच्या कोषांची हिरवट झाक त्यातलीच.

एरीच्या किड्याची तपासणी तेरामोच्या प्रयोगाआधीच झाली होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या संशोधकांनी 2011मध्ये एरंडावर आणि टॅपिओकावर वाढवलेले किडे तपासले. 100 ग्रॅममागे सुमारे 16 ग्रॅम प्रथिनं, 8 ग्रॅम स्निग्धांश, त्यातही अल्फा-लिनोलेनिक आम्ल भरपूर. दोन्ही पाल्यांवरचे आकडे जवळपास सारखेच निघाले. एरंडाची पानं कमी पडली आणि टॅपिओकावर भागवावं लागलं, तरी ताटातलं पोषण घटत नाही.