दात, सोने आणि संधिवात

आमच्या आजीच्या तोंडात एकही दात नव्हता. म्हातारपणी दात पडतात हे खरे. पण आजीचे पडले नव्हते, ते काढले होते, आणि तेही वयाच्या चौतिसाव्या वर्षी. साल १९५८. त्याआधी वर्षभर तिची बोटे सुजत होती. सकाळी उठल्यावर मूठ वळत नसे. जात्याचा खुंटा सोडाच, लुगड्याच्या निऱ्या धरता येईनात, तेव्हा आजोबा तिला शहरातल्या एका मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी हात पाहिले, मग तोंड उघडायला सांगितले, आणि विष दातांच्या मुळाशी आहे असे निदान केले. दीड महिन्यात सगळे दात गेले. सांधे होते तसेच राहिले. पुढे उरलेला सारा जन्म आजी दिवाळीची चकली चहात बुडवून खात असे.

एक प्रश्न मात्र तिने कधी सोडला नाही. “माझ्या हातून काय चुकलं असेल रे, बाळ?” उत्तरेही तिची तिच्याकडेच होती. तिसऱ्या बाळंतपणात ओल्या अंगाने नदीवर धुणे धुतले होते. एका चातुर्मासात वांगी खाल्ली होती. शेजारणीचा रोख दह्यावर होता, आणि आत्याबाईंचा आजीच्या तोंडातल्या मिश्रीवर.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीला हाच रोग झाल्याचे निदान झाले. त्या रात्री तिचा फोन आला, आणि पहिलेच वाक्य जवळजवळ आजीचेच होते: “दादा, माझं काय चुकलं?” मी कादंबऱ्या लिहिणारा शाळामास्तर, वैद्यक हा माझा प्रांत नव्हे. परंतु कारण कोणते आणि निमित्त कोणते, हा प्रश्न इतिहास शिकवणाऱ्याच्या नेहमीच्या पाठातला. म्हणून या रोगाच्या कारणांचा इतिहास वाचायला बसलो, आणि वाचता वाचता आजीच्या दातांपाशी येऊन पोचलो.

प्रथम एक खुलासा. घरात आपण प्रत्येक सांधेदुखीला संधिवात म्हणून मोकळे होतो. उतारवयात गुडघे झिजतात तो प्रकार निराळा. डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात त्यात शरीराची स्वतःची संरक्षक फौजच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर चालून जाते. हा रोग ऐन उमेदीतही गाठतो, आणि पुरुषांच्या मानाने बायकांना दुपटी-तिपटीने अधिक.

आपल्याकडे माधवकराने बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी रचलेल्या ‘माधवनिदाना’त आमवाताचे स्वतंत्र प्रकरण आहे. विंचवांनी डंख मारावेत तशी वेदना, सुजलेले सांधे, मंदावलेला अग्नी हे सारे त्यात येते. आणि कारण म्हणून विरुद्ध आहार आणि अयोग्य वेळी केलेले श्रम. माधवकराचा आमवात म्हणजे नेमका हाच रोग, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. तथापि शेजारणीच्या दह्याची वंशावळ किती जुनी आहे ते यावरून ध्यानात येईल.

युरोपात या रोगाचे पहिले स्पष्ट वर्णन १८०० सालचे. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातला लांद्रे-बोव्हे हा अठ्ठावीस वर्षांचा डॉक्टर. गाऊट हा सांध्यांचा रोग तेव्हा खाऊनपिऊन सुखी असलेल्या पुरुषांचा समजला जाई. याच्यापुढे मात्र नऊ रुग्ण होते, आणि नवाही बायका. हा गाऊटच, पण अशक्तांचा, असे त्याने आपल्या प्रबंधात मांडले. पुढे लंडनच्या आल्फ्रेड गॅरडने १८५९ साली दोन्ही रोगांची फारकत करून आजचे नाव सुचवले. नाव मिळाले, कारण कोणाच्याच हाती नव्हते.

कारण सापडत नसले, की माणूस निमित्ताला कारण करतो. चित्रकार रेन्वारचेच पाहा. १८९७ च्या उन्हाळ्यात बायकोच्या गावी, एस्वा येथे, तो सायकलवरून पडला आणि त्याचा उजवा हात मोडला. त्यानंतर संधिवाताने जोर धरला, म्हणून पुष्कळ दिवस दोष त्या सायकलीला मिळाला. वास्तविक सांध्यांची कुरकुर त्याआधी काही वर्षे सुरू झाली होती. पुढे बोटे तळहातात वळली. कातडीला जखम होऊ नये म्हणून हाताला कापडाच्या पट्ट्या बांधून, बोटांच्या बेचक्यात कुंचला अडकवून तो १९१९ मध्ये मरेपर्यंत चित्रे काढीत राहिला. (त्याचाच मुलगा ज्याँ पुढे बंगालमध्ये हुगळीकाठी येऊन ‘द रिव्हर’ हा चित्रपट करून गेला. पण ते जाऊ द्या.)

आता दातांकडे वळू. जंतू रोग घडवतात हे सिद्ध झाल्यावर वैद्यकात मोठा उत्साह संचारला होता. ज्या रोगाचे मूळ सापडत नाही त्याच्या मुळाशीही एखादा लपलेला जंतू असणार, असे सहजच वाटू लागले. लंडनच्या विल्यम हंटरने १९०० सालीच तोंडातल्या घाणीवर बोट ठेवले होते. १९१० मध्ये माँट्रियलच्या मॅगिल विद्यापीठात त्याने सोन्याच्या टोप्या बसवणाऱ्या दंतवैद्यांची अशी हजेरी घेतली, की ते व्याख्यान गाजले. तुम्ही पुवावर सोन्याच्या समाध्या बांधता, असा त्याचा रोख होता. १९१२ साली शिकागोच्या फ्रँक बिलिंग्जने हे सूत्र थेट सांध्यांशी जोडले: दाताच्या किंवा टॉन्सिलच्या कोपऱ्यात जंतूंचे ठाणे असते, तिथून विष रक्तावाटे सांध्यांत उतरते, तेव्हा ठाणे उठवा.

मग ठाणी उठवण्याची लाटच आली. दुखऱ्या दातांबरोबर निरोगी दातही गेले, टॉन्सिल गेल्या. रोगी बरा झाला तर दात काढल्याचा गुण. न झाला तर आणखी कुठे ठाणे राहिले असेल, म्हणून पुढचा शोध. ज्या उपपत्तीला हरताच येत नाही तिच्याविषयी सावध राहावे, हे त्या पिढीतल्या भल्याभल्यांना सुचले नाही. सुचले ते न्यूयॉर्कच्या रसेल सेसिलला. याच माणसाने १९२९ साली संधिवाताच्या रोग्यांत जंतू सापडल्याचे सहकाऱ्यांसह जाहीर केले होते. १९३८ साली त्यानेच दोनशे रुग्णांची छाननी केली, आणि दात-टॉन्सिल काढून बहुतेकांना काहीही लाभ झाला नाही, असे प्रसिद्ध केले. आपलेच मत आपल्या हाताने खोडायला धैर्य लागते. मला हा मनुष्य फार आवडला. १९४० मध्ये रायमन आणि हॅव्हन्स यांनी सरसकट दात काढण्यावर खरमरीत टीका केली, आणि ती लाट ओसरू लागली.

१९४० मध्ये. आजीचे दात १९५८ साली काढले. अठरा वर्षे ही बातमी आमच्या जिल्ह्यापर्यंत पोचली नव्हती, किंवा पोचून कपाटात पडली होती.

गंमत अशी, की चुकीच्या कारणातून कधी उपयोगी औषधही निघते. एक्स-ले-बँ येथील झाक फोरेस्तिए याला संधिवात क्षयासारखा वाटला. सोन्याचे क्षार क्षयाच्या जंतूवर चालतात अशी तेव्हा समजूत होती, म्हणून त्याने ते संधिवाताच्या रुग्णांना टोचले, आणि १९२९ साली अनुभव प्रसिद्ध केला. क्षयाचा संबंध निघाला नाही, पण सोन्याने पुष्कळांना उतार पडला, आणि पुढे कित्येक दशके ती इंजेक्शने चालू राहिली. २१ सप्टेंबर १९४८ रोजी अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंचने एकोणतीस वर्षांच्या एका स्त्रीला कॉर्टिझोन टोचले. अंथरुणाला खिळलेली ती बाई काही दिवसांत बाजारहाट करून आली. हेंचला १९५० चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. औषधाचे दुष्परिणाम मागाहून कळले.

रोगाचे खरे स्वरूप कळायला मात्र आणखी एक अडसर दूर व्हावा लागला. शरीर स्वतःवर उलटणार नाही, असा दंडक पाउल एर्लिखच्या काळापासून, म्हणजे १९०० च्या सुमारापासून, मानला जात होता. १९४० मध्ये नॉर्वेच्या एरिक वालरला संधिवाताच्या रक्तात एक विचित्र द्रव्य आढळले. ते शरीराच्याच प्रतिद्रव्यांना चिकटणारे प्रतिद्रव्य निघाले. १९५६ साली विटेब्स्की आणि रोज यांनी सशांवरील प्रयोगांतून स्वतःविरुद्धचे युद्ध प्रत्यक्ष दाखवले.

मग युद्ध पेटवते कोण? १९७८ मध्ये पीटर स्टास्टनीने आनुवंशिकतेचा एक धागा दाखवला. पण एकाच बीजातून जन्मलेल्या जुळ्यांपैकी एकाला हा रोग झाला, तर दुसऱ्यालाही तो होण्याचा प्रसंग शंभरात सुमारे पंधरा जोड्यांतच येतो. म्हणजे बी पुरत नाही, बाहेरून काहीतरी लागते. त्या ‘काहीतरी’त आज सर्वांत भक्कम पुरावा आहे तो तंबाखूच्या धुराचा. स्टॉकहोमच्या क्लारेस्कोग आणि सहकाऱ्यांनी २००६ साली मांडले, की धुरामुळे फुप्फुसातल्या प्रथिनांचा एक घटक बदलतो, आर्जिनिनचा सिट्रुलिन होतो, आणि विशिष्ट वारसा असलेल्यांची संरक्षक फौज त्या बदललेल्या प्रथिनांना शत्रू समजते. असा वारसा आई आणि बाप दोघांकडून आलेल्या धूम्रपान करणाऱ्यांत या प्रकारच्या संधिवाताचा धोका एकवीस पट आढळला. स्वीडनमध्येच ओठाखाली तंबाखू ठेवणाऱ्यांचीही पाहणी झाली. त्यांच्यात धोका वाढलेला दिसला नाही. तेव्हा आत्याबाईंचा मिश्रीवरचा आरोप मी काढून टाकला आहे. दगडाची बारीक धूळ मात्र यादीत आहे.

आणि यादीत पुन्हा तोंडही आहे! हिरड्या सडवणारा पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस नावाचा जंतू नेमका हाच आर्जिनिनचा सिट्रुलिन करू शकतो, हे १९९९ साली कळले. २०१६ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी हिरड्यांच्याच दुसऱ्या एका जंतूकडे बोट दाखवले. संशय अजून सिद्धतेपर्यंत गेलेला नाही. पण हंटर अगदीच आंधळेपणाने बोलत नव्हता, एवढे त्याच्या पदरात टाकावे लागते. त्याने वाट बरोबर धरली असेल; हातात पक्कड घेतली ती चूक.

बहिणीला मी यातले बरेच सांगितले. तिला सर्वांत पटली ती २००४ सालची एक गोष्ट. हॉलंडमध्ये रक्तदात्यांचे जुने साठवलेले रक्त तपासले, तेव्हा पुढे संधिवात झालेल्यांपैकी निम्म्याजणांच्या रक्तात ही प्रतिद्रव्ये दुखणे सुरू होण्याच्या कितीतरी वर्षे आधी आलेली दिसली. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे दादा, आजी नदीवर गेली, त्याच्या आधीच कदाचित ते तिच्या रक्तात असेल?” मी म्हटले, असू शकेल.

ती आता आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्झेटची गोळी घेते. परवा दातांच्या डॉक्टरांकडून हिरड्या साफ करून आली. दात सगळे जागेवर आहेत. चकलीची भाजणी दळून आणली आहे. सोऱ्या फिरवायचे काम तिने यंदा माझ्याकडे दिले आहे.